गालफुग्याचं मंजन

रंगनाथशेठ खैरनार यांना आपल्या रूपाचं फारसं कौतुक नव्हतं, असं ते स्वतःच सांगत; आणि सांगता सांगता भिंतीवरच्या आरशात एकदा बघून घेत. पुढे हीच सगळी हकीकत ते हसत हसत, स्वतःलाच चार शिव्या देत, ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना ऐकवू लागले. आपल्याला ती माहीत झाली तीही तशीच.

शेठ मूळचे देवळ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. कांद्याच्या वाफ्यात त्यांचं मन रमलं नाही. नाशिकला येऊन रविवार कारंज्याजवळ त्यांनी एक खोली आणि मागची पडवी घेतली आणि दंतमंजनाचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे तीन उखळं, दोन चाळण्या आणि त्यांची बायको लंकाबाई. मंजनाची कृती लंकाबाईंच्या माहेरची. बाभळीच्या सालीचा कोळसा, हिरडा, तुरटी, लवंग आणि आणखी एक जिन्नस, जो त्यांनी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितला नाही. त्या कुटत, गाळत, पुड्या बांधत आणि शेठ धंदा सांभाळत, म्हणजे बोलत. मंजनाला ‘मुक्तादंत’ हे नाव मात्र शेठनी दिलं होतं. आठवडाभर डोकं खाजवून काढलेलं नाव होतं ते.

मालाला मालकाचा चेहरा पाहिजे, हीही शेठचीच कल्पना. त्या काळी कुठलीही डबी, बाटली, पुडी हातात घ्या, तिच्यावर मालकाचा फोटो असायचाच. कुणी मिशीवाला, कुणी उपरण्यातला, सगळे आपले गंभीर चेहरे करून गिऱ्हाइकांच्या फडताळात जाऊन बसलेले. शेठना हे फार आवडायचं. सन एकतीसच्या चैत्रात त्यांनी जरीचा फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून फोटो काढला. फोटो छान आला. तो घेऊन ते भद्रकालीत हबीबमियांकडे गेले.

हबीबमिया शिसवी लाकडाचे छापायचे ठसे कोरत. साड्यांच्या काठांच्या वेली, लग्नपत्रिकेवरचे गणपती, अत्तराच्या चिठ्ठ्यांवरचे गुलाब, सगळं त्यांच्या हातचं. माणसाचा चेहरा मात्र त्यांनी कधी कोरला नव्हता. तसं त्यांनी दोनदा सांगितलंही. शेठनी दोन्ही वेळा ते विनय म्हणून सोडून दिलं.

ठसा तयार झाला, पुडीवर डकवायची पहिली चिठ्ठी छापून हातात आली आणि शेठनी ती उजेडाकडे नेली. फेटा झकास होता. मिशी तर अशी की हात लावून बघावी. पण डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत असा फुगला होता, की चित्रातल्या गृहस्थाची दाढ तीन दिवस ठणकत असावी आणि घरात कुणी विचारत नसावं.

“हबीबमिया, हे काय?”

“शेठ, लाकडात गाठ निघाली. गाठीवर पटाशी मारली असती तर ठसा चिरला असता. म्हणून जरा वळसा घेतला.”

“वळसा? अहो, माझ्या गालावर तुम्ही कसाऱ्याचा घाट बांधलात!”

“मिशी तर बघा ना शेठ,” हबीबमिया म्हणाले. “मिशी एकदम असल उतरलीये.”

नवा ठसा करायला दहा दिवस लागणार होते आणि सप्तशृंगीची चैत्री यात्रा चार दिवसांवर आली होती. एवढी खेप जाऊ दे, पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून शेठनी चिठ्ठ्या छापून घेतल्या. गडावर माल हातोहात गेला. पुढच्या खेपेला घाई होती, त्याच्या पुढच्या खेपेला सणवार होते. असं करता करता सहा वर्षं गेली. मंजन चांदवड, सटाणा, सिन्नर, देवळ्यापर्यंत पोहोचलं. पडवीत तीनाची नऊ उखळं झाली. नवसाबाई, बयाबाई धरून सात बाया कुटायला येऊ लागल्या. आपल्या नावाचा आणि एकंदर व्यक्तिमत्त्वाचा हा प्रताप, असं शेठ समजून चालले. गालाचं ते विसरूनही गेले होते.

सदतीस साली श्रावणात ते देवळ्याच्या बाजारात एका वाण्याच्या दुकानात टेकले असताना एक म्हातारी आली. पदराची गाठ सोडत म्हणाली, “गालफुग्याची एक पुडी दे रे बाबा.”

वाण्याने मागे न बघता फळीवर हात घातला आणि मुक्तादंताची पुडी काढून दिली.

शेठना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. “आजी, कुणाची पुडी म्हणालात?”

“गालफुग्याची.” म्हातारीने पुडी त्यांच्या नाकापुढे धरली. “ह्यो बघा की. दाढ लय सुजली हाय बिचाऱ्याची. तरी धंद्यावर बसलाय. पर मंजन लय गुणाचं बरं का. म्या दुसरं लावत नाय.”

“एवढं गुणाचं आहे, तर त्याचा गाल कसा उतरत नाही?”

म्हातारीने क्षणभर विचार केला. “त्यो कशाला लावतोय? समदं इकून टाकत आसंल. विकनाऱ्याच्या घरात कवा काय ऱ्हातंय?”

एवढं बोलून तिने शेठच्या तोंडाकडे चांगलं निरखून पाहिलं, आणि तिच्या नजरेत ओळखीची एक रेषासुद्धा उमटली नाही. ती निघून गेली. वाणी पोत्यामागे वाकून काहीतरी शोधत होता. त्याचे खांदे हलत होते.

“कोण ही?” शेठनी विचारलं.

“भागीबाई. इथलीच.”

“सगळे असंच म्हणतात?”

“छे छे, शेठ, सगळे नाही,” वाणी गडबडीने म्हणाला. “चांदवडकडे सुजक्या म्हणतात.”

घरी येऊन शेठनी हा अपमान लंकाबाईंना सांगितला. त्या चाळणी झटकत होत्या, ती काही थांबली नाही. “मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “नवसाबाईनं चार वर्षांमागंच सांगितलं.”

“आणि तू मला बोलली नाहीस?”

“माल जात होता की.”

पण शेठच्या ते डोक्यात बसलं. रस्त्याने जाताना समोरून दोघंजण हसत आले तरी ते डाव्या गालावर हात ठेवत. सहा वर्षं गावोगावच्या बायका आपल्याकडे दयेने बघत सकाळी दात घासत होत्या, ही कल्पना त्यांना जेवताना आठवायची आणि घास तोंडात फिरायचा. शेवटी त्यांनी फोटो पुन्हा काढला आणि मुंबईच्या एका छापखान्याकडून तीन रंगांत चिठ्ठ्या करून घेतल्या. नाशिक रोडला पार्सल आलं तेव्हा स्वतः टांगा करून ते आणायला गेले आणि टांग्यातच सोडून बघितलं. गुलाबी फेटा, निळा कोट, दोन्ही गाल सारखे आणि त्यांवर चक्क लाली. खाली टपोऱ्या अक्षरांत ‘रंगनाथ खैरनार यांचे मुक्तादंत’. टांगेवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, “कुणाचं लग्न?” शेठना ती स्तुती वाटली.

आता हे रूप पक्कं करून टाकायचं, कुणी हात लावू नये असं करायचं, म्हणून ते गायधनी वकिलांकडे गेले. गायधनी वकील पंचवटीतले. बोलताना टाकाच्या मागच्या टोकाने कान खाजवायची त्यांना सवय होती.

“विलायतेत व्यापाराच्या निशाण्या नोंदवायला वेगळं सरकारी दफ्तर आहे,” ते म्हणाले. “आपल्याकडे अजून नाही. कायदा होणार होणार म्हणतात, होईल तेव्हा खरा. तोवर मुंबईचे व्यापारी करतात ते करायचं. ही निशाणी माझी, अमुक सालापासून अमुक मालावर मी वापरतो, असा प्रतिज्ञालेख करायचा, त्यावर निशाणी चिकटवायची, सब-रजिस्ट्रारकडे त्याची नोंद करायची आणि वर्तमानपत्रात नोटीस द्यायची.”

“म्हणजे निशाणी माझी झाली.”

“नाही. तिथंच सगळे फसतात.” टाक कानात गेला. “कागदाने निशाणी कुणाची होत नसते शेठ. गिऱ्हाईक जे बघून माल उचलतं, ते तुमचं. कागद हा साक्षीदार. त्याच्यावर तारीख पडते, सरकारी शिक्का पडतो. उद्या कुणी नक्कल केली तर ‘मी आधी, मी आधी’ म्हणून गावभर ओरडत फिरावं लागत नाही. नुसती नोटीस गेली तरी निम्मे लोक गार होतात. दुकानदार नकली माल ठेवायला कचरतो. आणि पुढेमागे धंदा मुलाच्या हाती द्यायचा म्हटला, विकायचा म्हटला, तर उखळांबरोबर नावही देता येतं. आणि खरी किंमत नावाचीच असते. पण हे सगळं केव्हा, तर खरी निशाणी नोंदवली तर. म्हणून विचारतो, तुमचं गिऱ्हाईक काय बघून पुडी उचलतं?”

या प्रश्नाचं उत्तर शेठच्या कोटाच्या डाव्या खिशात होतं. देवळ्याहून निघताना वाण्याकडून घेतलेली एक जुनी पुडी अजून तिथंच होती. शेठनी उजव्या खिशात हात घातला आणि मुंबईची चिठ्ठी काढली. “हे बघून,” ते म्हणाले.

“जुनं काही चित्र होतं का?”

“होतं एक. टाकाऊ. ते मी बंद केलं, त्या चित्राचा माल माझा समजू नये, असं स्पष्ट लिहा.”

वकिलांनी टाक कानातून काढला. “हे वाक्य कशाला? मागितल्याशिवाय कुणी स्वतःचं दार उघडं टाकतं का?”

“लिहाच,” शेठ म्हणाले. आपल्या वकिलाशी आणि डॉक्टरशी खोटं बोलू नये एवढं त्यांना कळत होतं, पण गाल मोठा झाला होता आणि अक्कल त्याच्यामागे दडली होती. हे वाक्य त्यांचंच आहे, आमचं नाही.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीच्या ओट्यावर बसणाऱ्या दस्तलेखकाने सुंदर अक्षरात लेख लिहिला. नोंद झाली. एका साप्ताहिकात नोटीस आली: ‘सर्व लोकांस कळविण्यात येते की, गाल सुजलेल्या इसमाचे चित्र असलेल्या मालाशी आमचा काडीमात्र संबंध नाही.’ शेठनी त्या अंकाच्या वीस प्रती घेऊन दुकानदारांना पाठवल्या. चांदवडलाही दोन गेल्या.

दिवाळीला नवी पुडी बाजारात गेली आणि संक्रांतीपर्यंत परत आली.

सगळीकडून एकच तक्रार. बाया पुडी उलटसुलट करून बघतात आणि ठेवून देतात. ‘हे नकली हाय, आमचं गालफुग्याचं दे’ म्हणतात. सिन्नरची एक बाई तर दुकानदाराला म्हणाली होती, ह्या नवरदेवाला कवा दाढदुखी ठावं हाय? मुक्तादंत हा शब्द सहा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने वाचला नव्हता. नाव वाचणारे लोक विलायती पावडर लावत होते. मंजन लावणारे चित्र बघत होते.

आणि जुन्या चित्राची पुडी बाजारातून नाहीशी झाली असती तर एक वेळ लोकांनी नव्या चेहऱ्याला माफ केलं असतं. ती नाहीशी झाली नव्हती. चांदवडच्या नाथाशेठ निकम यांनी ती काढली होती. तोच फेटा, तीच मिशी, तोच गाल. जरा जास्तच फुगवलेला. आत खडूची भुकटी आणि गेरू. त्याने हिरड्या सोलल्या जात, तोंड येई, आणि लोक म्हणत, गालफुग्याने दगा दिला.

शेठ सर्व्हिस मोटारीने चांदवडला गेले. मोटारीत बसल्या बसल्या त्यांनी जबरदस्त भाषण तयार केलं. नाथाशेठने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बसायला गादी दिली, चहा मागवला आणि गल्ल्यामागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे ती नोटीस खळीने चिकटवून ठेवलेली होती.

“तुम्हीच धाडली शेठ,” नाथाशेठ अदबीने म्हणाला. “काडीमात्र संबंध नाय म्हन्ता. म्या म्हन्लं, बिचारा सुजक्या उघड्यावर पडला, कुनी तरी घरात घ्यावा.”

शेठनी चहा प्यायला. चहा चांगला होता, याचा त्यांना आणखी राग आला.

घरी आले तर पडवीत नेहमीचा आवाज नव्हता. नऊपैकी दोन उखळं चालू होती. नवसाबाई, बयाबाई आणि इतर तिघी दुसरीकडे विड्या वळायला गेल्या होत्या. परत आलेल्या पुड्यांवरच्या चिठ्ठ्या लंकाबाईंनी फडताळाच्या फळ्यांवर अंथरल्या होत्या, आणि गुलाबी गालांचे तीस-चाळीस रंगनाथशेठ डब्यांखालून वर बघत होते.

“काय म्हणाला तो?” लंकाबाईंनी विचारलं.

शेठनी सांगितलं.

लंकाबाईंनी हातातली चाळणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “लोकांच्या हिरड्या सोलून निघतात आणि शिव्या माझ्या मंजनाला बसतात. सहा वर्षं ह्या हातांनी कुटलं. तुम्ही आपलं तोंड वाचवलंत आणि माझं मंजन घालवलंत.”

त्या रडल्या असत्या तर शेठना बरं वाटलं असतं. त्या चाळणी घेऊन उठून गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदा शेठना खरी लाज वाटली, आणि तिचा गालाशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या खिशातली पुडी गायधनी वकिलांच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. वकिलांनी ऐकलं, चित्र बघितलं, शेठकडे बघितलं, पुन्हा चित्र बघितलं आणि ते उठून आतल्या खोलीत गेले. आतून थोडा वेळ खोकल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

“निशाणी म्हणजे हे,” ते म्हणाले. “ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही फळीवर दहा हातांवरून दिसतं आणि दिसल्याबरोबर दाढ आठवते. मुंबईच्या छापखान्यांना पैसे मोजून हे जमत नाही. तुम्हाला लाकडातल्या गाठीनं फुकट दिलं. आणि तुम्ही ते जाहीर नोटीस देऊन गावावर सोडलंत!”

“आता?”

“आता दावा. एक बाजू आपली आहे. नोटीस वाचणारे मंजन घेत नाहीत आणि मंजन घेणारे नोटीस वाचत नाहीत. त्यांच्या डोळ्यात गालफुग्या अजून तुमचाच आहे. पण ते भर कोर्टात सिद्ध करावं लागेल. तो चित्रातला इसम तुम्ही आहात, लोक तुम्हाला काय म्हणतात, तुम्ही ते बंद का केलंत, सगळं सगळ्यांसमोर सांगावं लागेल. जमेल?”

शेठना मागच्या पडवीतली ती बंद उखळं दिसली. “जमवतो,” ते म्हणाले.

दावा उभा राहायला पाऊस आला आणि गेला. सुनावणीच्या दिवशी कोर्टात बसायला जागा नव्हती. गाल कुणाचा यावर दावा लागलाय म्हटल्यावर ज्यांचं काही काम नव्हतं तेही फेटे बांधून आले होते. हबीबमियांनी साक्ष दिली. लाकूड कसं होतं, गाठ कुठे होती, पटाशी कशी फिरवली, हे त्यांनी हातवारे करून सांगितलं, आणि मिशी मात्र नीट पाहावी अशी कोर्टाला विनंती केली.

नाथाशेठचा वकील हुशार होता. तो म्हणाला, “चित्रात दाढ दुखणारा कुणी एक रोगी आहे. दाढ काय एकट्या वादीची दुखते? असं चित्र कोणीही मंजनवाल्याने छापावं. वादी उभे आहेत, त्यांचे गाल पाहावेत. दोन्ही सारखे. वादींनी स्वतः जाहीर केलंय की या इसमाशी आपला संबंध नाही. आम्ही फक्त त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.”

लोक हसले. शेठच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मग भागीबाई आली. देवळ्याच्या वाण्याने तिला आणलं होतं. पुडी हातात दिल्याबरोबर ती म्हणाली, “गालफुग्याची. पर खरी न्हवं ही, चांदवडवाली. जिभेला खडू लागतोय.” तिने पुडी तिथेच चाखली होती. गायधनी वकिलांचा चेहरा उजळला आणि त्या आनंदात ते एक प्रश्न जास्त विचारून बसले.

“आजी, हा गालफुग्या या कोर्टात कुठे दिसतो का?”

भागीबाईने डोळ्यांवर हात धरला. आधी तिने जज्जसाहेबांचे गाल तपासले. मग पट्टेवाल्याचे. मग एकेक बाक. शेठवरून तिची नजर सरळ पुढे गेली, परत आली, पुन्हा पुढे गेली.

“नाय,” ती म्हणाली. “हितं नाय आला. आजारी आसंल.”

कोर्ट खदखदलं. विरुद्ध वकील समाधानाने खाली बसला. गायधनी वकिलांचा टाक अर्ध्यावर थांबला. शेठनी भिंतीपाशी उभ्या असलेल्या लंकाबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. कोर्टात न हसणारं दुसरं कुणीच नव्हतं.

शेठ उठले. “साहेब, एक मिनिट,” ते म्हणाले. फेटा सरळ केला, मिशीला पीळ दिला, भागीबाईकडे तोंड केलं आणि छातीभर श्वास घेऊन डावा गाल फुगवला. अर्धामुर्धा नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुगवला. आणि तसेच उभे राहिले. सबंध नाशिक बघत होतं.

“अगं बया!” भागीबाई ओरडली. “ह्योच की त्यो! आन् मघाधरनं गप बसलाय!”

“हरकत!” विरुद्ध वकील उठला. “वादी साक्षीदाराला तोंडं करून दाखवतोय!”

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडापुढे धरला होता. तो काढायला त्यांना वेळ लागला. “तोंड वादीचंच आहे ना?” ते म्हणाले. “बसा.”

निकाल पंधरा दिवसांनी लागला. गिऱ्हाइकं ज्या चित्रावरून वादीचा माल ओळखतात ते एका नोटिशीने त्यांच्या मनातून पुसलं जात नाही. प्रतिवादीने ते चित्र वापरू नये आणि शिल्लक चिठ्ठ्या कोर्टात जमा कराव्या. नोटिशीबद्दल वादीलाही चार शब्द होते. ते गायधनी वकिलांनी शेठना दोनदा वाचून दाखवले.

पण साक्षीच्या दिवशीचं एक राहिलं. कोर्टाबाहेर शेठ कडुनिंबाखाली एकटेच उभे होते. लोक जाता जाता गाल फुगवून दाखवत होते, आणि शेठना आता आपण कुठे तोंड लपवावं हेच कळत नव्हतं. तेवढ्यात भागीबाई काठी टेकत आली, समोर उभी राहिली आणि खरखरीत हात तिने त्यांच्या डाव्या गालावर ठेवला. आपल्या लेकराच्या गालावर ठेवावा तसा.

“लय दुखत आसंल न्हाय रं?”

शेठना एकदम भरून आलं. सहा वर्षं आपली चेष्टा होत होती असं धरून चालला होता हा शहाणा माणूस, आणि या बायका सकाळी उठून त्याची काळजी करत होत्या. “दुखत होतं आजी,” ते म्हणाले. “आता नाही.”

निकालानंतर आठ दिवसांनी शेठ नवा प्रतिज्ञालेख करायला कचेरीत गेले. लंकाबाईही बरोबर आल्या, कारण या वेळी मालक म्हणून दोघांची नावं घालायची असं शेठनी स्वतःहून सांगितलं होतं. ओट्यावर तेच दस्तलेखक बसले होते. त्यांनी जुनी चिठ्ठी कागदावर चिकटवली, टाक बुडवला आणि निशाणीचं शब्दांत वर्णन लिहायला घेतलं. फेटा लिहिला, मिशी लिहिली. मग ते थांबले. भला माणूस होता. कोर्टातली हकीकत त्यांच्याही कानावर आली होती.

“शेठ,” ते हळू आवाजात म्हणाले, “सरकारी दफ्तर आहे. कायम राहणार, नातवंडं वाचणार. मी आपला ‘डावा गाल किंचित फुगलेला’ एवढंच लिहितो. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.”

शेठनी लंकाबाईंकडे पाहिलं. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत कागदाकडे बघत राहिल्या.

“किंचित नको,” शेठ म्हणाले. “किंचित लिहाल तर उरलेला तो चांदवडवाला फुगवेल. कानापासून हनुवटीपर्यंत टरटरून फुगलेला, असं लिहा. आणि खाली लिहा, सदर इसम म्हणजे मी स्वतः.”

दस्तलेखकांनी तसं लिहिलं, रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “कबूल?”

ओट्यावर बसलेली दहा-बारा माणसं वळून बघू लागली.

“कबूल,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी सही केली.